पंचनाम्यात आमची झोपही धरा

प्रति,
मा. अध्यक्ष व सर्व सदस्य,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर आणि सांगली

स. न. वि. वि.

पावसाळ्याआधीच्या आढावा बैठका आता सुरू होतील. बोटींची इंजिनं सुरू करून बघतील, लाइफ जॅकेट मोजतील, सर्पदंशावरची लस कुठल्या केंद्रात किती आहे ते विचारतील. हे व्हायलाच हवं. २०१९ च्या महापुरानंतर ते पूर्वीपेक्षा नेटानं होतंय, हेही काठावरची माणसं बघतात. त्याच बैठकीत आणखी एक विषय यावा, एवढ्यासाठी हे पत्र.

मी शिरोळ तालुक्यातली. कृष्णा, पंचगंगा, वारणा आणि दूधगंगा अशा चार नद्यांचं पाणी आमच्या तालुक्याला लागतं. आरोग्यसेविका म्हणून माझी नोकरी याच पट्ट्यात झाली आणि निवृत्तीनंतरही दारात माणसं येतातच. कुणी बीपी बघायला, कुणी गोळीचं पाकीट दाखवायला. त्यामुळं पूर मला फुटांपेक्षा माणसांच्या तक्रारींतून जास्त कळतो.

माझं म्हणणं असं. पुरातून वाचण्यासाठी आम्ही वेळेत घर सोडतो, जनावरं हलवतो, कर्ज काढून मजला चढवतो, काहीजण गावठाण सोडून माळावर राहायला जातात. या सगळ्याची किंमत शरीर आणि मन मोजतं, आणि पाणी उंबऱ्याशी थांबून मागं गेलं तरी ती मोजावी लागते. सरकारी कागदात मात्र तिला जागा नाही. पंचनामा होतो तो पाणी शिरलेल्या घराचा, पडलेल्या भिंतीचा, कुजलेल्या उसाचा, मेलेल्या जनावराचा. शहाणपणानं आधीच निघून गेलेल्या माणसाचा पंचनामा होत नाही.

जुलैपासून बोलू. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचे हेच आकडे ४० आणि ४५. इकडच्या शाळकरी पोरांनासुद्धा हे पाढ्यासारखे पाठ आहेत. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत, एक उघडला की १४२८ क्युसेक पाणी येतं, हेही घराघरात माहीत आहे. रात्री दोन वाजता मोबाईल वाजतो, ‘पाच नंबरचा दरवाजा उघडला’. तो मेसेज खरा की दोन वर्षांपूर्वीचा फिरून आलेला, हे कळायला मार्ग नसतो. मग घरातला बाप्या बॅटरी घेऊन नदीकडं जातो. काल संध्याकाळी पाण्याच्या कडेला रोवलेली काठी कुठं आहे ते बघून येतो. बाई तोवर जागी. सासू जागी. पोरगं जागं. असं एक-दोन रात्री नाही, पाऊस लागला की आठ-आठ, दहा-दहा दिवस चालतं.

या दिवसांत माझ्याकडं येणाऱ्या बायकांचं बीपी वाढलेलं असतं. विचारलं तर ‘मला टेन्शन आहे’ असं कुणी म्हणत नाही. ‘डोकं जड झालंय’, ‘छातीत धडधडतंय’, ‘हातापायातलं अवसान गेलंय’ असं सांगतात. एका मुलाच्या पोटात दर पावसाळ्यात दुखायचं. जंताचं औषध देऊन झालं, सोनोग्राफी झाली. २०२१ च्या पुरात त्याला अंधारात खांद्यावर बसवून पाण्यातून बाहेर काढलं होतं. पत्र्यावर पावसाचा आवाज वाढला की त्याच्या पोटात कळ येते. घरच्यांना कळत होतं, पण पोटदुखीचा डॉक्टर असतो आणि भीतीचा नसतो, असं त्याची आजी म्हणाली.

ही फक्त आमच्याकडची हळवी माणसं आहेत असं कुणाला वाटू नये. इंग्लंडमध्ये २०१३-१४ च्या हिवाळ्यात मोठे पूर आले. तिथल्या सार्वजनिक आरोग्य यंत्रणेनं वर्षभरानंतर लोकांना गाठून तपासलं. ज्यांच्या घरात पाणी शिरलं होतं त्यांच्यातल्या तिघांमागं एकाहून थोड्या जास्त लोकांत मानसिक आघाताची लक्षणं होती. पण मला महत्त्वाचं वाटतं ते पुढचं. ज्यांच्या घरात पाणी शिरलंच नाही, फक्त रस्ते, वीज, कामधंदा विस्कटला, त्यांच्यातही नैराश्य आणि चिंता पूर न पाहिलेल्या लोकांपेक्षा जास्त निघाली. आणि घर सोडावं लागलेल्यांत ज्यांना आधी सूचनाच मिळाली नव्हती, त्यांना बारा तासांहून आधी इशारा मिळालेल्यांपेक्षा जास्त त्रास झाला होता. म्हणजे वेळेवर आणि नीट दिलेली सूचना हे औषधच आहे. ते तुमच्या नियंत्रण कक्षाच्या हातात आहे.

आता ती सूचना आमच्यापर्यंत कशी येते ते बघा. ‘पंचगंगेची पातळी ४१ फूट ५ इंच, नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ सतर्क राहावे म्हणजे नेमकं काय करावं? ४१ फुटाला माझ्या गल्लीत पाणी येतं का? आमच्यातल्या जुन्या माणसांच्या डोक्यात हा हिशेब असतो. आयर्विनला इतके फूट झाले की मळीत, म्हणजे नदीकाठच्या रानात पाणी, इतके झाले की मारुतीच्या पायरीला, इतके झाले की वेशीतला रस्ता बंद. तो हिशेब डोक्यातून कागदावर आणा. २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर ५५ फूट ७ इंच आणि २०२१ मध्ये ५६ फूट ३ इंच पाणी होतं, आयर्विनला २०१९ मध्ये ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या दोन्ही वेळच्या खुणा अजून भिंतींवर आहेत. जलसंपदा विभागानं आखलेल्या निळ्या आणि लाल रेषा नकाशावर आहेत, पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची निळी आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल. पण आमच्या बाईला रेषा नको आहे. तिला ‘तुझ्या गल्लीला अमुक फुटाला निघायचं, अजून एवढे तास आहेत’ एवढं वाक्य हवं आहे. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर गल्लीनिहाय तक्ता रंगवा. ठरलेल्या वेळी, एकाच अधिकृत आवाजात, दिवसातून चार वेळा पातळी सांगा आणि ‘पुढचा आकडा सहा तासांनी’ असंही सांगा. मधले सहा तास माणूस झोपेल तरी.

पूर आम्हाला नवा नाही. नृसिंहवाडीला पाणी चढून दत्ताच्या पादुकांवरून वाहू लागलं की दक्षिणद्वाराच्या स्नानाला लांबून माणसं येतात. पूर्वी पाणी येई, दोन-चार दिवस थांबे, मळीत गाळ टाकून जाई आणि त्या गाळावर पीक हसे. अजूनही कधी कधी तसं होतं. पण २००५, २०१९, २०२१ बघितलेल्या माणसाला आता साधा पूर आणि महापूर यातला फरक पहिल्या दिवशी कळत नाही. म्हणून प्रत्येक पावसाला तो महापूर समजूनच वागतो. हे शहाणपण आहे, आणि त्यानंच माणूस थकतो.

बाहेर पडण्याबद्दल लिहिते. सूचना आली, टेम्पो ठरवला, दोन म्हशी आणि एक गाय चढवली, कडबा-वैरण भरली, पाव्हण्यांकडं किंवा छावणीत गेलो. तिथं चार दिवस. रोजगार बुडाला, म्हशी बुजल्या, दूध निम्म्यावर आलं, डेअरीचं बिल आटलं. पाणी गल्लीच्या तोंडाशी येऊन उतरलं. परत आलो. खर्च झाला तो झालाच, पण पंचनाम्याला आलेला माणूस म्हणतो, ‘तुमच्या घरात पाणी कुठं आलंय?’ त्याचंही चुकत नाही, त्याच्या फॉर्मात तसा रकाना नाही. २०१९ ला मोफत गहू-तांदळासाठी ‘दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात’ अशी अट घातलेला शासन निर्णय निघाला होता आणि त्यावर केवढा गदारोळ झाला, तुम्हाला आठवत असेल. अट बाजूला ठेवा, तिच्यामागचा विचार अजून तसाच आहे: भिजल्याशिवाय मदत नाही.

याचा परिणाम पुढच्या वर्षी दिसतो. त्याच घरातला कर्ता म्हणतो, ‘मागच्या वेळी उगाच गेलो, या वेळी बघू.’ म्हातारा म्हणतो, ‘मी म्हशींजवळ थांबतो, तुम्ही जावा.’ मग रात्रीत दोन फूट पाणी वाढतं आणि त्याला बोटीतून काढावं लागतं. ८ ऑगस्ट २०१९ ला सांगली जिल्ह्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली आणि डझनभराहून जास्त माणसं गेली, त्यांत बायका-पोरं होती. त्या बोटीत बसलेल्या कुणालाही मी दोष देणार नाही. माणसं शेवटच्या घटकेपर्यंत का थांबतात, एवढंच विचारते. त्यांना अक्कल नसते म्हणून नाही. आधी निघणं परवडत नाही म्हणून.

तेव्हा माझी पहिली मागणी पैशाची वाटेल, पण ती आरोग्याची आहे. प्रशासनाच्या सूचनेवरून जे कुटुंब बाहेर पडलं, त्याला पाणी घरात आलं किंवा न आलं तरी वाहतूक, वैरण आणि बुडालेली मजुरी याची ठरलेली रक्कम मिळावी. सूचना तुम्ही दिली, आम्ही पाळली, याची नोंद तलाठ्याकडं असतेच. नियमात बसत नसेल तर तसा प्रस्ताव राज्याकडं पाठवा. जागतिक बँकेच्या मदतीनं पुराचं पाणी वळवायचे मोठे प्रकल्प आखले जातात, त्यांच्यापुढं ही रक्कम किरकोळ आहे.

आता गोळ्या. हा विषय मला सगळ्यात जवळचा, म्हणून जरा लांबण लावते.

घर सोडताना माणूस काय घेतो? कागदपत्रांची पिशवी, दागिना असला तर दागिना, पोरांचे कपडे. गोळ्या शेवटी आठवतात किंवा आठवतच नाहीत. छावणीत माझ्यापुढं एका आजोबांनी प्लॅस्टिकची पिशवी उपडी केली होती. कापलेल्या पट्ट्या, नावं गेलेली, त्यांत बायकोच्या थायरॉइडच्या गोळ्या मिसळलेल्या. ‘पांढरी सकाळची, गुलाबी रात्रीची,’ एवढं त्यांना ठाऊक. पांढऱ्या तीन प्रकारच्या होत्या. शुगर बघायला ग्लुकोमीटर होता, पट्ट्या संपलेल्या. सुनेनं इन्सुलिनची बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून मातीच्या गाडग्यात ठेवली होती, कारण वीज चार दिवस नव्हती. त्या बाईच्या हुशारीला हात जोडावेत. पण सरकारी यंत्रणा तिच्या गाडग्यावर विसंबून राहू शकत नाही.

पुरात गॅस्ट्रो, कावीळ, लेप्टो (उंदरांच्या लघवीनं दूषित पाण्यातून होणारा ताप) यांची काळजी आपण घेतो. पाणी शुद्ध करायची टीसीएल पावडर येते, पाण्यात क्लोरीन आहे का ते बघणारी ओटी टेस्ट होते, ओआरएसची पाकिटं वाटली जातात, चिखलात काम करणाऱ्यांना डॉक्सीसायक्लिन दिली जाते. मुंबईत २००५ च्या पुरानंतर लेप्टोनं जे केलं त्यातून सगळे शिकले. ही कामं आमची माणसं झोपेतही करतील. पण साथ आली नाही म्हणजे आरोग्य सांभाळलं असा समज झालाय, तो चूक आहे. बीपीची गोळी आठ दिवस चुकलेला माणूस पुरात मरत नाही. तो सप्टेंबरात अर्धांगवायूनं पडतो, आणि कुठल्याच पूर-अहवालात येत नाही.

यावर उपाय अवघड नाही. बीपी-शुगरच्या रुग्णांची यादी प्रत्येक उपकेंद्रात आहे. पूरपट्ट्यातल्या गावांना जूनच्या पहिल्या पंधरवड्यातच दोन महिन्यांच्या गोळ्या एकदम द्या. प्रत्येक घराला पाण्यात न भिजणारं एक पाकीट द्या, त्यात गोळ्या आणि नाव-डोस लिहिलेलं कार्ड. ज्यांना डायलिसिस लागतं त्यांनी कुठल्या काठावर आणि कुठं राहायचं ते पाणी यायच्या आधी ठरवा. एरवी आमचं सगळं मोठं दुखणं मिरजेला किंवा सांगलीला जातं. पूल आणि रस्ते पाण्याखाली गेले की तिकडं जाता येत नाही, हे दर वेळी नव्यानं कळल्यासारखं का वागायचं? जुलै-ऑगस्टमध्ये प्रसूतीची तारीख असलेल्या मातांचंही तसंच. तारीख रजिस्टरात कित्येक महिने आधी लिहिलेली असते. पुराची तारीख तेवढी कुणाला माहीत नसते, पण महिना सगळ्यांना माहीत आहे.

छावणीबद्दल. बहुतेक वेळा शाळा किंवा मंगल कार्यालय. जेवणाची ददात नसते. कोल्हापूर-सांगलीची माणसं देण्यात मागं नाहीत, चपात्यांचे ढीग येतात. पण अडीचशे माणसांना चार संडास, त्यात पाणी नाही, दिवा नाही. बाया मग दिवसभर पाणीच पीत नाहीत. रात्री अंधार पडल्यावर दोघी-तिघी मिळून बाहेर जातात. तिसऱ्या दिवशी लघवीला जळजळ, ताप, कंबरदुखी. नोंद होते ‘तापाचा रुग्ण’. पाळीच्या बाईला कपडा धुवायला आणि वाळवायला जागा नसते. जनावरं दुसऱ्याच ठिकाणी बांधलेली असतात, म्हणून पहाटे धार काढायला बाई दोन किलोमीटर चिखलातून जाते. पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि शुगर असेल तर त्या चिखल्यांचं काय होतं हे डॉक्टरांना सांगायला नको. छावणीसाठी इमारत निवडताना खोल्या मोजता, तशी संडासांची आणि गोठ्याची मोजणी करा. निवडणाऱ्यांत गावातल्या दोन बायका असू द्या. एवढ्यानं निम्मं काम होईल.

जे गावात थांबून स्वतःच्या पैशानं बचाव करतात, त्यांचंही ऐका. नदीकाठी आता घर बांधणारा माणूस खाली मोकळं सोडून वर राहायची सोय करतो. बरोबर आहे. पण जिना अरुंद आणि उभा, कारण पैसे संपलेले असतात. गुडघे गेलेली आजी वर चढली की पावसाळाभर खाली उतरत नाही. संडास खालीच राहतो, पाण्याची टाकी खालीच. पूर नसतानाही ती वरच कोंडलेली. शिवाय बँकेचा हप्ता. घरकुलाच्या योजनेत पूरपट्ट्यासाठी वेगळा आराखडा करा: कठड्याचा, कमी उंचीच्या पायऱ्यांचा जिना, वरच्या मजल्यावर संडास, वर टाकी. इंजिनिअरला विचारलं तर तो ‘त्यात काय एवढं’ म्हणेल. मग करून द्या.

पुनर्वसनावर मी फार बोलणार नाही, तो स्वतंत्र विषय आहे आणि त्यात राजकारण भरपूर. एवढंच सांगते की १९८९ च्या पुरानंतर कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीच्या लोकांना सोनतळीला जागा मिळाल्या, तरी जुनी गावं उठली नाहीत. रान नदीकाठी, म्हशी रानाजवळ, देव गावात. त्यामुळं अनेकांचं घर दोन ठिकाणी झालं. तरणी पोरं एका जागी, म्हातारी माणसं दुसऱ्या जागी. अशा म्हाताऱ्यांच्या जेवणाची, औषधाची, बोलाचालीची काळजी कोण घेतं? ‘स्थलांतर यशस्वी’ असं लिहिताना हेही बघायला हवं.

आणि आशाताई. पुरात सगळ्यांकडं पोचावं असं आपण जिला सांगतो, तिचंही घर त्याच गल्लीत असतं. तिचीही म्हैस टेम्पोत चढवायची असते. तिचंही पोरगं घाबरलेलं असतं. एका आशानं स्वतःच्या घरातला चिखल रात्री काढला आणि दिवसा दुसऱ्यांच्या घरी क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या. मला तिचं कौतुक करायचा कंटाळा आलाय. कौतुकानं तिला काही मिळत नाही. पूर आला की पाण्याबाहेरच्या तालुक्यांतली आशा आणि सेविकांची पथकं पंधरा दिवसांसाठी इकडं आणा आणि पूरग्रस्त आशाला मानधन न कापता घरी राहू द्या. आजरा, चंदगडकडची माणसं येतील. त्यांना विचारून बघा.

मनाच्या दुखण्याबद्दल लोकांना हेल्पलाइनचा नंबर दिला की आपलं काम झालं असं मानू नका. टेली मानसचा १४४१६ चांगला आहे, मीही तो लोकांना देते. पण जिला आपल्याला काय होतंय हेच सांगता येत नाही, ती फोन करून काय बोलणार? त्यापेक्षा पूर ओसरल्यावर तीन महिन्यांनी, दिवाळीच्या आसपास, आशानं पूरपट्ट्यातल्या घराघरात जाऊन दोनच प्रश्न विचारावेत. झोप लागते का? आणि पाऊस आला की काय होतं? उत्तरं जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाच्या डॉक्टरांपर्यंत गेली पाहिजेत, आणि डॉक्टर ठरलेल्या दिवशी तालुक्याला आले पाहिजेत. दिवाळी एवढ्यासाठी म्हणते की तोवर मदतीचे ट्रक, पुढारी, कॅमेरे सगळे गेलेले असतात. भिंतीला बुरशी असते, दम्याची माणसं खोकत असतात, हप्ते थकलेले असतात, आणि शेजारीपाजारी एकमेकांना ‘आता झालं गेलं विसरा’ म्हणत असतात.

कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर दोन राज्यं भांडतायत, भांडू द्यात, ते आमच्या हिताचं आहे. नदीपात्रातला गाळ, पुलांचे भराव, काठावरची बांधकामं यांवर तज्ज्ञांचे अहवाल आहेत, त्यांवरही काम व्हावं. पण तो निकाल लागेपर्यंत आम्हाला दर पावसाळा इथंच काढायचा आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार तुमच्या प्राधिकरणात जिल्ह्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी सदस्य आहेतच. यंदाच्या मान्सूनपूर्व बैठकीत त्यांना औषधसाठ्याबरोबर आणखी चार गोष्टी विचारा: दोन महिन्यांच्या गोळ्या कुठल्या तारखेला पोचतील, जुलै-ऑगस्टमधल्या प्रसूती कुठं होतील, छावणीतले संडास कुणी बघितले, आणि मागच्या पुरातल्या माणसांना झोप लागते का हे कुणी विचारलं. उत्तरं इतिवृत्तात लिहा आणि इतिवृत्त ग्रामपंचायतीच्या फलकावर लावा. गल्लीनिहाय तक्ता करायला माणूस हवा असेल तर आमच्या गावातली तीन-चार जुनी माणसं तयार आहेत. मीही आहे. मेअखेरपर्यंत या, जूनमध्ये सगळे पेरणीत असतात.

कळावे,
आपली,
एक निवृत्त आरोग्यसेविका
ता. शिरोळ, जि. कोल्हापूर